बिनखिशाचा साहेब

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथी झाल्यावर पेन हातात आलं ते फक्त नवऱ्याला पत्र लिहिण्यापुरतं. तो चुका काढत नसे, कारण त्याच्या पत्रात माझ्यापेक्षा जास्त असत. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मग माफी कुणाची मागते, ते मलाही ठाऊक नाही. पण काही करायच्या आधी माफी मागायची मला सवयच आहे.

लिहायचं कारण म्हणजे ते पुस्तक. पोस्टमनने आणून दिलं तेव्हा मला वाटलं कुणी फरशी पाठवली. आत गुळगुळीत कागद, मोठमोठ्या इमारतींचे फोटो, आणि वर आमचे साहेब. वाळूत उभे, लांब कुठेतरी बघताहेत, दोन्ही हात पाठीमागे. मुलगी कॉलेजात जाते, तिला इंग्रजी येतं. तिने नाव वाचून सांगितलं, अमक्या अमक्या थोर आर्किटेक्टचं आयुष्य आणि काम. फोटो बघून म्हणाली, "आई, केवढ्या विचारात आहेत गं हे!"

मी म्हटलं, "विचारात नाहीत. खिसे नाहीत. हात ठेवायचे कुठे हा प्रश्न पडलाय."

खरंच सांगते. साहेबांच्या एकाही कपड्याला खिसा नव्हता. तिकडे आखातात, मनामाच्या बाजारात त्यांचा ठरलेला शिंपी होता. तो प्रत्येक वेळी हात जोडून म्हणायचा, "सर, एक छोटा तरी ठेवू? आतल्या बाजूला?" साहेबांचं उत्तर ठरलेलं: "खिसा म्हणजे कापडाला झालेलं गळू." खिशामुळे कपड्याची रेघ बिघडते म्हणे. कपड्याची रेघ, भिंतीची रेघ, टेबलावर ठेवलेल्या चमच्याची रेघ, साहेबांचं अर्धं आयुष्य रेघ सांभाळण्यात गेलं. पण खिसा नाही म्हणजे पाकीट नाही, आणि पाकीट नाही म्हणजे पैसे नाहीत. साहेब पानवाल्यापासून शेखांच्या दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे रिकाम्या हातांनी जायचे आणि चहा पिऊन यायचे. ड्रायव्हर मल्याळी होता, मला चेची म्हणायचा, म्हणजे ताई. साहेब घरातून बाहेर पडताना दिसले की तो आधी स्वतःचं पाकीट उघडून आत किती आहे ते बघायचा, मग गाडीचं दार उघडायचा. पेट्रोल, पार्किंग, साहेबांची सिगारेट, सगळं तोच द्यायचा, आणि महिनाअखेरीला ऑफिसच्या अकाउंटंटच्या मागे लागून वसूल करायचा. तो पुरुष होता, त्याला मागता यायचं.

मला यायचं नाही. माझ्या आयुष्यात मला जे काही बोलता आलं ते दाराआडून. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी बाईच म्हणाल्या, "जा गं, दाराआड उभी राहून म्हण." मी वर्गाच्या बाहेर, दाराच्या मागे उभी राहिले आणि एकही ओळ न चुकता अख्खी कविता म्हटली. लग्न ठरताना पाहुणे ओटीवर बसले होते. वडिलांनी विचारलं, "पसंत आहे ना?" तेव्हाही मी माजघराच्या दाराआडून "हो" म्हटलं. नवरा अजून म्हणतो, "मी तुझा आवाज आधी ऐकला, तोंड नंतर बघितलं."

आणि अशा बाईला काम मिळालं ते मनामाच्या अदलिया भागातल्या त्या घरात, जिथे एकही दार नव्हतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. नवरा हिद्दला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात फिटर होता, तिथेच कंपनीच्या कॅम्पात राहायचा. मी साहेबांच्या व्हिसावर आले होते, स्वयंपाकाला आणि बाकी सगळ्याला. आम्ही नवरा-बायको एकाच बेटात, पण भेट शुक्रवारी. मुलगी आणि सासू माणगावकडे गावी, दिराच्या घरात.

साहेबांनी ते घर भाड्याने घेतलं तेव्हा त्याला चांगली दारं होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळी उखडली. "दार म्हणजे भिंतीने पत्करलेली हार," असं म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की इंग्रजी न येऊनही मला पाठ झालं. बाहेरचं दार तेवढं ठेवलं होतं, कारण विमा कंपनीने त्याशिवाय कागद द्यायला नकार दिला. म्हणजे भिंतीने हार पत्करली नाही, साहेबांनी पत्करली. पण विम्यापुढे.

न्हाणीघर आणि संडास एकाच ठिकाणी, आणि त्यालाही दार नाही. आत जायला गोगलगाईच्या पाठीसारखी वळत गेलेली भिंत. वळण घेतलं की माणूस दिसत नाही, हे खरं. पण आवाजाला वळणं घेता येतात. त्या घरात कुणी नळ सोडला तरी दिवाणखान्यात कळायचं, आणि नळ का सोडला तेही कळायचं. मी आत गेले की आधी बादली आपटायची, मग खोकायची, मग पुन्हा बादली. साहेबांच्या पाहुण्यांत मोठमोठी माणसं असत, मिनिस्ट्रीतले, बँकेतले. जेवण अर्ध्यावर आलं की एखाद्याला अचानक गाडीतून काहीतरी आणायची आठवण व्हायची. तो समोरच्या रेस्टॉरंटात जाऊन मोकळा होऊन यायचा. तिथला वेटर मला एकदा म्हणाला, "दीदी, आज आपके यहाँ पार्टी है क्या? चार लोग आ के गये."

माझी खोली मागच्या अंगणात. तिचंही दार साहेबांनी काढलं, भेदभाव नको म्हणून. पगारात, जेवणात, बसण्या-उठण्यात कुठेच समानता नव्हती, ती नेमकी दारात आली. मी जुनी साडी बांधून पडदा केला. एक दिवस साहेबांनी तो पडदा बघितला आणि म्हणाले, रंग बरोबर नाही. नवरा शुक्रवारी यायचा, अंगणात उभा राहून चहा प्यायचा आणि शेवटच्या घोटाला म्हणायचा, "चांगली आहे हो तुमच्या साहेबांची रेघ." मग बसने परत हिद्दला.

तत्त्व स्वतःला टोचलं की मात्र साहेब ते वाकवायचे. दारं नसल्याने माझी फोडणी थेट त्यांच्या पलंगापर्यंत जायची. पहिल्यांदा म्हणाले, वास हासुद्धा घराचाच भाग आहे. मग मी बोंबील तळले. दुसऱ्या दिवसापासून घरात मासळी बंद.

तो शुक्रवार मला चांगला आठवतो. मुहर्रकला एक जुनं घर पाडत होते. साहेब सकाळी तिथे जाऊन आले आणि लहान मुलासारखे घरभर फिरायला लागले. त्या घराचं दार विकायला होतं. सागवानी, दोन झडपांचं, नक्षीचं, पितळी गोळे ठोकलेलं. शंभर वर्षांचं असेल. ज्या माणसाने आयुष्यभर दारांना शिव्या घातल्या त्याचा जीव एका दारावर जडला. विकणारा म्हणाला, आज रोख, नाहीतर उद्या दुसऱ्याला. शुक्रवार, बँक बंद. ड्रायव्हर सुट्टीवर. साहेब स्वयंपाकघरात आले. आले म्हणजे काय, दार नसल्यामुळे एकदम माझ्या मागे उभेच होते.

"तुझ्याकडे पैसे आहेत?"

होते. तांदळाच्या डब्यामागे एक चपटा पत्र्याचा डबा होता, त्यात चारशे दिनार होते. माझे आणि नवऱ्याचे. कॅम्पात चोऱ्या होतात म्हणून तोही माझ्याकडेच ठेवायचा. गावी आमच्या दोन खोल्यांच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, स्लॅब राहिला होता. दिराचं लग्न ठरलं होतं. नवी सून घरात यायच्या आत सासूने आणि माझ्या मुलीने आमच्या खोल्यांत जायचं, असं दिराने स्पष्ट सांगितलं होतं. त्याचंही चूक नव्हतं. गवंड्याने कळवलं होतं, एप्रिलात पैसे द्या, नाहीतर सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर जातील आणि मग पावसाळा संपल्यावरच बघू. नवरा एप्रिलात रजेवर जाणार होता, तेव्हा पैसे नेणार होता.

हे सगळं मला सांगता आलं असतं. मी डबा काढून दिला.

"उद्या बँक उघडली की लगेच. इंशाल्ला," साहेब म्हणाले.

इंशाल्ला हा त्यांचा आवडता शब्द. एवढाच अरबी शब्द त्यांना नीट यायचा, आणि तो पैसे द्यायचे असले की जास्त यायचा.

दार आलं. चार माणसांनी उचलून आणलं. साहेबांनी ते दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं, वर एक दिवा सोडला. पाहुणे यायचे, बघायचे, वाहवा करायचे. माझा स्लॅब तिथे भिंतीला टेकून उभा होता आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते.

उद्या झाला, परवा झाला, महिना झाला. साहेब लबाड नव्हते, हे मी म्हणेन. लबाड माणसाला आपण घेतलेलं लक्षात तरी असतं. यांच्या डोक्यालाही खिसा नव्हता.

नवरा म्हणाला, "माग ना त्यांच्याकडे."

"तुम्ही मागा."

"मी? मी काय, अंगणातला माणूस. तुझे साहेब आहेत."

मी तीन-चारदा प्रयत्न केला. एकदा चहा घेऊन समोर उभी राहिले, बोलणार एवढ्यात साहेब ओरडले, "हलू नको! अशीच उभी राहा!" आणि कागद ओढून माझं चित्र काढायला लागले. इमारत किती उंच आहे ते कळावं म्हणून चित्रात शेजारी माणूस काढतात, त्यासाठी. ते चित्र पुस्तकात आहे. त्यात माझ्या डोक्यावर घडा आहे. चहाचा कप होता हो माझ्या हातात. खाली काय लिहिलंय ते मुलीने वाचलं: पाणी नेणारी स्थानिक स्त्री. आमच्या गावच्या विहिरीवरून मी कमरेवर कळशी आणायची, ती सोडली तर मी पाणी नेलं ते अदलियात फ्रिजमधून टेबलापर्यंत.

मग मी एक युक्ती केली. तो रिकामा पत्र्याचा डबा घासूनपुसून त्यांच्या टेबलावर ठेवला, अगदी कागदांच्या मध्ये. म्हटलं, बघून तरी आठवेल. साहेबांनी डबा उचलला, उलटा केला, उजेडात धरला. "किती सुंदर आकार," म्हणाले. "याला काय कमी आहे?"

चारशे दिनार कमी होते. पण मी मान हलवली. त्यांनी त्यात पेन्सिली ठेवल्या आणि डबा दिवाणखान्यात मांडला, दाराच्या शेजारी. आता पाहुणे दोन्हींची वाहवा करायला लागले.

शेवटी नवऱ्याने धीर केला. एका शुक्रवारी साहेब अंगणात आले तेव्हा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सर, माय हाउस, व्हिलेज, स्लॅब नो. मनी..." 'हाउस' ऐकल्यावर साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. डोळे चमकले. आत जाऊन तीन दिवस बसले, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घराचा नकाशा काढून दिला. खाली मोठी सही. म्हणाले, या कागदाची किंमत तुला कळायची नाही.

नवऱ्याने पुढच्या शुक्रवारी तो कागद उलटासुलटा करून बघितला. घर गोल. मधोमध छपराला भोक, पाऊस आत यायला. दार नाही.

"पाऊस आत कशाला?" नवरा म्हणाला. "बाहेर कमी पडतो का आपल्याकडे?" मग कागदाची घडी घालत म्हणाला, "चोराची मात्र उत्तम सोय केली आहे. कुठूनही आला तरी अडचण नाही."

आम्ही दोघं हसलो. मग तो उठला, आणि बसकडे जाताना मागे न बघता म्हणाला, "तिकीट काढलंय मी. एप्रिलातलं. रिकाम्या हाताने गेलो तर आईला काय तोंड दाखवू, तेवढं सांग."

याच सुमाराला साहेबांवर पुस्तक करायचं ठरलं, छापून यायला मात्र वर्षं गेली. लंडनहून एक बाई आल्या. पुस्तकवाल्या बाई. चांगल्या होत्या, सगळ्यांना विचारत फिरायच्या. मलाही विचारलं, "घरी कसे आहेत ते?" साहेब तिथे पलीकडे बसलेले, मध्ये फक्त हवा. मी म्हटलं, "गुड सर." त्यांनी ते लिहून घेतलं.

आणि त्यांच्या मागोमाग लंडनहूनच साहेबांची आई आली. मनामात साहेबांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागणार होतं, त्यासाठी. नव्वदीला टेकलेली, काठी टेकत चालणारी, माझ्या खांद्याएवढी. मी त्यांना मोठ्या मॅडम म्हणायची. आल्या आल्या त्यांनी न्हाणीघर विचारलं. मी दाखवलं. त्या वळणाच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, काठीने भिंतीला ठोकलं.

"दार कुठे आहे?"

साहेब म्हणाले, "मम्मी, दार म्हणजे भिंतीने पत्करलेली..."

"मी विचारलं, दार कुठे आहे."

आठवडाभर त्या बिचाऱ्या समोरच्या रेस्टॉरंटात जात होत्या, माझा हात धरून. वाटेत एकदा त्यांनी मला सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, पण हाताने असं करून दाखवलं की न कळायला मी काही दगड नव्हते. साहेब चार वर्षांचे असताना स्वयंपाकघराच्या दारात त्यांची करंगळी चेमटली. दोन दिवस रडले. आणि त्या दिवसापासून दारांवर राग. मी घरी येऊन साहेबांचा डावा हात बघितला. करंगळी वाकडी होती. इतके दिवस मला वाटायचं तीही रेघेसाठी मुद्दाम वाकवली असेल.

पुस्तकात दारांवर वेगळा भाग आहे. मुलीने थोडा वाचला. त्यात वाळवंट आहे, तंबू आहेत, माणसाचं स्वातंत्र्य आहे. करंगळी नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी साहेब सकाळीच गेले. संध्याकाळी सगळे पाहुणे घरी येणार होते. मोठ्या मॅडमनी मला बोलावलं, दिवाणखान्यातल्या त्या दाराकडे काठी केली, मग न्हाणीघराकडे केली, आणि म्हणाल्या, "यल्ला." चला, लागा कामाला, अशा अर्थाचा हा शब्द त्या ड्रायव्हरकडून शिकल्या होत्या.

मी नवऱ्याच्या यार्डात फोन केला. त्याच्या ओळखीचे एक सुतार होते, मिस्त्रीभाई, रत्नागिरीकडचे. दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन आले. दार बघितलं, बोटाने वाजवलं आणि हसले.

"भाबी, हे लाकूड आपल्याच बाजूचं. सागवान बघ कसा बोलतो. गलबतात घालून आणला असणार कुणीतरी. तूही इकडे आलीस, हाही आला."

"बसेल का हो ते?"

"बसेल काय, शोभेल. पण भाबी, एवढं मोलाचं दार संडासाला? साहेबाने पाहिलं तर?"

"त्यांच्या आईने सांगितलंय."

"मग खलास. आईच्या पुढे आर्किटेक्ट नाही."

त्यांनी चौकट उभी केली, जागा चार बोटं जास्त होती तिथे फळी ठोकली, आतून नवी लोखंडी कडी बसवली. खाली बोटभर फट ठेवली. म्हणाले, पाणी लागून कुजायला नको. मोठ्या मॅडमनी त्यांना पाउंड दिले, ते घेईनात. म्हणाले, "आजी, पाउंड मफी, पाउंड नको. भाबी, बोंबील असतील तर तळ." मी फ्रिजरच्या तळाशी लपवलेले काढून तळले. मोठ्या मॅडमनीही दोन खाल्ले. मग त्या आत गेल्या. झडपा मिटल्या, कडी लागली, ठक्. त्या घरात तो आवाज पहिल्यांदाच झाला. बराच वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. देवदर्शनाहून आल्यासारखा होता.

संध्याकाळी पाहुणे आले, साहेब मागाहून येणार होते. सगळ्यांत आधी बँकेचे एक मोठे साहेब, पोटाने चांगलेच जाड, सवयीने गाडीतलं काहीतरी आणायला म्हणून उठले. जाता जाता त्यांना दार दिसलं. थबकले. आत गेले. ठक्. बाहेर आले ते हसतच. त्यांनी दुसऱ्याच्या कानात सांगितलं. मग तो गेला. अर्ध्या तासात तिथे रांग लागली. सुटाबुटातली माणसं, हातात ज्यूसचे ग्लास, ओळीने उभी. काहींना गरज नव्हती, मला नक्की माहीत आहे. नुसती कडी लावून बघायला गेले.

पुस्तकात या संध्याकाळबद्दल चार ओळी आहेत. साहेबांनी आपल्या मित्रांना एका जुन्या दाराचं प्रात्यक्षिक दाखवलं, असं काहीसं. आता खरं काय झालं ते लिहिते.

मी आत नवा टॉवेल ठेवायला गेले होते, दार उघडं टाकून. मागे वळले तर समोर साहेब. लालभडक. त्यांच्या मागे रांग, रांगेमागे अख्खा दिवाणखाना.

"माझं दार कुणी लावलं?"

"मी," तिकडून मोठ्या मॅडम म्हणाल्या.

साहेबांना आईवर ओरडता येईना, म्हणून माझ्यावर ओरडले. "काढ! आत्ताच्या आत्ता काढ! ज्याने लावलं त्याला बोलाव!"

मी थरथरत होते. काय केलं ते मी ठरवून केलं नाही. हाताने झडप ओढली, दुसरी ओढली, आणि कडी लावली.

ठक्.

आणि मग काय झालं सांगू? थरथर थांबली. मी दाराआड होते. समोर सागवान होता, माझ्या बाजूचा. मला वर्ग आठवला, माजघर आठवलं. माझ्या गळ्यातून आवाज आला, मोठा आणि स्वच्छ.

"सर. माय फोर हंड्रेड दिनार."

बाहेरून साहेबांनी विचारलं, "काय?"

"फ्रायडे, सर. बँक क्लोज. यू टेक फ्रॉम माय डबा. फॉर धिस डोअर. मी स्लॅब नो. माय हजबंड गो थर्सडे."

दारं नसलेल्या घरात शब्द कसा लांबवर जातो, हे साहेबांनीच पाहुण्यांना किती वेळा समजावून सांगितलं होतं. आज सगळ्यांना ते नीट पटलं असावं.

पुस्तकवाल्या बाईंचा आवाज आला, "तिच्याकडून पैसे घेतलेत? हिच्याकडून?"

साहेब दाराजवळ येऊन हळू बोलले, पहिल्यांदाच गोड. "बाहेर ये. आपण बोलू."

"नो, सर. फर्स्ट दिनार."

"उद्या बँक उघडली की. इंशाल्ला."

"नो इंशाल्ला, सर. टुडे मेनी पीपल. मेनी पॉकेट."

आधी मोठ्या मॅडम हसल्या, खोकला येईपर्यंत. मग ते जाड बँकवाले. मग सगळे. फक्त साहेब हसले नसतील. मला दिसत नव्हतं, पण त्यांचे हात पाठीमागे गेले असणार, एवढं मी सांगू शकते.

मग कागदाचा आवाज आला. दाराखालच्या फटीतून एक नोट आत सरकली. वीसची. बँकवाले म्हणाले, "मोठं कर्ज आहे, हप्त्याने घ्या." पुन्हा हशा. दुसरी नोट, तिसरी. साहेब एकेकापुढे जाऊन मागत होते, ते मला सगळं ऐकू येत होतं. "तुमच्याकडे आहेत का? दहा तरी? उद्या देतो." जन्मभर ते दुसऱ्याच्या खिशावर जगले, पण अशा रांगेसमोर उभं राहून कधी मागितलं नव्हतं. पुस्तकवाल्या बाईंनी न मागता दिले. मोठ्या मॅडमनी पाउंड सरकवले, ते मी परत बाहेर ढकलले. "सॉरी मॅडम. दिनार." कुणीतरी टाळी वाजवली. ड्रायव्हरही आला असावा, कारण पाचची एक चुरगळलेली नोट आली आणि मागून हळूच, "चेची, हे माझ्याकडून नाही, सरांच्याच पेट्रोलचे आहेत."

मी खाली फरशीवर बसून नोटा मांडत गेले. सगळ्यांचे खिसे रिकामे झाले तरी शेवटचे दहा दिनार कमी पडत होते. बाहेर कुजबुज चालली होती. मग बाहेरच्या दाराचा आवाज झाला, कुणीतरी धापा टाकत गेलं आणि धापा टाकत आलं. नंतर कळलं, साहेब स्वतः समोरच्या रेस्टॉरंटात गेले होते. त्या वेटरने त्यांना उसने दिले. एवढी वर्षं त्यांचे पाहुणे त्याच्याकडे जात होते, त्या ओळखीवर.

फटीतून दहाची नोट आली. अडकली. खाली एका पितळी गोळ्याच्या खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं, त्यात. बाहेरून कुणीतरी बोटाने ती आत ढकलायला लागलं. करंगळी होती. वाकडी.

मी नोट ओढून घेतली आणि बाकीच्यांवर ठेवली. चारशे. पुरे.

उठून कडीला हात लावला. करंगळी अजून फटीतच होती.

"सर," मी म्हटलं, "फिंगर."

बोट गेलं. मग मी कडी काढली.